पैसे रोख, वागणूक उपकाराची!

हॉटेलात जेवायला जाणे ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. पगार झाला, मुलीचा निकाल लागला, गावाकडून पाहुणे आले की कष्टकरी माणूसही बायकामुलांना घेऊन हॉटेलची पायरी चढतो. घामाचे चार पैसे मोजून तासभर निवांत जेवावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला काय येते? हात धुण्याच्या बेसिनजवळचे टेबल, पंधरा मिनिटे न आलेले पाणी, कळकट फडक्याने पुसलेले ताट आणि मागितले एक तर आले दुसरेच. तक्रार करावी तर गल्ल्यावरचा मालक मान वर न करता सांगतो, 'पटत असेल तर बसा!' त्याच वेळी दारात मोटार थांबली की हाच मालक उठून उभा राहतो. बिलाचा दर दोघांना सारखाच असतो. वागणुकीचा दर मात्र कपडे, भाषा आणि बूट पाहून ठरतो.

इतक्या क्षुल्लक विषयावर अग्रलेख कशाला, असे काहींना वाटेल. आम्हाला हा विषय क्षुल्लक वाटत नाही. ज्या देशात माणसाला जातीमुळे उपाहारगृहाबाहेर उभे करून वरून पाणी ओतले जात होते, त्या देशात 'टेबलावर मिळणारी वागणूक' हा केवळ चवीचा आणि पोटाचा प्रश्न असू शकत नाही. म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. हा शब्द केवळ आत प्रवेश मिळण्यापुरता नाही. सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मागण्याचा हक्क, असा त्याचा व्यापक अर्थ आहे, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. म्हणजे दार उघडले की मालकाचे कर्तव्य संपत नाही, तेथून ते सुरू होते.

एका कपबशीचे मोल काय असते, हे कोल्हापूरने देशाला दाखवले. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचे हॉटेल काढायला पाठबळ दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. राजा ज्या हातचा चहा पितो, तो हात अस्पृश्य कसा? हजार भाषणांचे काम त्या एका कपाने केले.

आज वेगळी कपबशी ठेवणारा, जात विचारून बसवणारा हॉटेलवाला कोठे भेटलाच, तर ते 'खराब सेवा' म्हणून सोडून देण्याचे प्रकरण नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार उपाहारगृहात प्रवेश नाकारणे आणि तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे. त्याची जागा पोलीस ठाण्यात आहे. परंतु जेथे जात कोणी विचारत नाही, नुसती बेफिकिरी, उद्धटपणा आणि लूट चालते, तेथे ग्राहक संरक्षण कायदा हे आपले हत्यार आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या या कायद्यात भोजन व निवासाची सोय ही 'सेवा' मानलेली आहे आणि सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई मागता येते.

या लुटीचा ठळक नमुना म्हणजे बिलाच्या तळाशी गुपचूप जोडलेले 'सेवा शुल्क'. अनेकांना तो सरकारी कर वाटतो. सेवा कर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येताच संपला. हे सेवा शुल्क सरकारकडे जात नाही, ते हॉटेल स्वतःसाठी आकारते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले की, हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावानेही घेता येणार नाही आणि ते न देणाऱ्याला प्रवेश नाकारता येणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ही मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरवली. संघटनांनी त्याविरुद्धही अपील केले. सेवा धड द्यायची नाही आणि सेवेचे शुल्क मात्र सक्तीने घ्यायचे, यासाठी केवढा हा आटापिटा!

मग सामान्य माणसाने काय करावे? पहिली गोष्ट, पक्के बिल मागावे. कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा म्हणजे बिल नव्हे. बिलावर सेवा शुल्क असेल तर ते काढायला सांगावे. मालक ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अन्न अस्वच्छ असेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. 'कशाला त्या भानगडीत पडायचे?' या आपल्या वाक्यावरच अशा मालकांचा धंदा चालतो.

मात्र एक गोष्ट आमच्या वाचकांना परखडपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आपला राग निघतो कोणावर? समोर उभ्या वेटरवर. बारा-चौदा तास पायावर उभा, हॉटेलच्या माळ्यावरच झोपणारा, टिपेच्या आशेवर जगणारा हा माणूस आपल्याच गावकुसातून, नाही तर परमुलखातल्या तसल्याच एखाद्या वस्तीतून आलेला असतो. दहा टेबलांना एक माणूस ठेवायचा, हा हिशोब मालकाचा; उशीर झाला की शिव्या खायच्या वेटरने! 'ए पोऱ्या' ही हाक आपल्या तोंडी शोभत नाही. आणि तो खरोखरच चौदा वर्षांखालील पोरगा असेल, तर १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत मुलांना राबवण्यास बंदी आहे, हे मालकाला सुनावणे आपले कर्तव्य आहे. ताटाला उशीर झाल्याची तक्रार करणाऱ्याने तेथे राबणाऱ्या लेकराकडे डोळेझाक करू नये.

स्वाभिमान म्हणजे आरडाओरडा नव्हे. बिल हातात घेऊन, आवाज न चढवता, मालकाला जाब विचारणे आणि वेटरला 'दादा' म्हणून हाक मारणे, या दोन्ही गोष्टी ज्याला एकाच टेबलावर जमतात तो खरा जागृत ग्राहक. आम्ही पैसे मोजतो, आम्ही सेवा मागतो. यात कोणाचा कोणावर उपकार नाही. संविधानाने हॉटेलचे दार सर्वांसाठी उघडले आहे. आत गेल्यावर मान खाली घालून जेवायचे की ताठ मानेने, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल!