शाल-श्रीफळ पुरे झालं, आता प्रश्न विचारा

मंडळी, आज थोडं कडू लिहिणार आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचा.

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही जा, आपल्या जुन्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे गाण्यातले रसिक." आजोबांनी अमुक खाँसाहेबांना ऐकलं, वडिलांनी तमुक बुवांना घरी जेवायला बोलावलं. छान आहे. पण या रसिकांना म्हाताऱ्या कलाकारांच्या तोंडून नेमकं काय ऐकायचं असतं, ते मी गेली पन्नास वर्षं बघतोय. आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात : चमत्कार आणि भानगडी. गाणं तयार कसं झालं, त्यात कोणाचा हात होता, हे विचारायची आपल्याला गरजच वाटत नाही.

उदाहरण ग्वाल्हेरचं घ्या. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो, ही गोष्ट लहान पोरालाही पाठ आहे. त्याच ग्वाल्हेरात १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी शाळा काढून मुलांना गाणं शिकवायला सुरुवात केली. तिथे काय शिकवत, कसं घोटून घेत, हे सांगणारी घरं किती उरलीत? पाला सगळ्यांना माहीत, पाठ कोणालाच नाही.

आमच्या शेजारच्या देवासचं बघा. कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास आजारपणामुळे इथे आले. क्षय झालेला, गाणं बंद, काही वर्षं अशीच गेली. कुमारजींचा विषय निघाला की आमची मंडळी लगेच फुप्फुसावर येतात. एका फुप्फुसावर गायले हो! गायले, खरं आहे, आणि त्यांच्या जिद्दीला नमस्कारच. पण त्याच आजारपणात या माणसाने अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायांची गाणी कान देऊन ऐकली, त्या धुनांमध्ये राग कुठून उगवतो ते शोधलं, आणि पुढे 'अनूपरागविलास'मध्ये आपल्या बंदिशी छापून सगळ्यांसमोर ठेवल्या. हे काम होतं, मंडळी, आणि ते आपल्या अंगणातल्या गाण्यांवर झालं. आपण मात्र फुप्फुसं मोजत बसलो.

आता माझ्या खास आवडीकडे येतो, म्हणजे हिंदी फिल्मी गाणी. मी साधा बी.कॉम. माणूस, आयुष्य बँकेत गेलं. मला रागदारीतलं फार कळत नाही. पण एक गोष्ट नोकरीने पक्की शिकवली : व्हाउचरवर ज्याची सही नाही, त्याने काम केलं हे उद्या कोणी मानत नाही. आपल्या फिल्मी संगीतात अशी बिनसहीची व्हाउचरं ढिगाने पडली आहेत.

'नागिन' घ्या. साल १९५४, संगीत हेमंतकुमारांचं. ती बीन ऐकून लोक वेडे झाले. आजही लग्नाच्या वरातीत बँडवाला ती सुरू करतो आणि कोणीतरी रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळतो. पण ती गारुड्याची बीन नव्हतीच. क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य होतं, ते कल्याणजींनी वाजवलं, आणि जोडीला रवींची हार्मोनियम होती. दोघेही पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले म्हणून ही गोष्ट सांगितली गेली आणि टिकली. ते साधे साजिंदेच राहिले असते, तर आपण आजही कुठल्या तरी गारुड्याचं कौतुक करत बसलो असतो.

दुसरं उदाहरण गोव्याचं. संगीतकार पेटीवर चाल बांधत, पण पन्नास वाजवणाऱ्यांनी काय वाजवायचं, कुठे थांबायचं, कोणत्या व्हायोलिनने कोणता सूर धरायचा, हे कागदावर कोण लिहीत होतं? बरेचदा गोव्याचे अरेंजर लिहीत. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्त्य नोटेशन शिकलेली ही माणसं. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझा होते. त्या काळची गाणी नीट ऐका. गायिका एक चाल गात असते आणि मागे व्हायोलिनं हळूच दुसरीच चाल वाजवत असतात, तरी दोन्ही एकमेकींत विरघळतात. आपण 'वाहवा जयकिशन' म्हणतो. म्हणा, पण अर्धी वाहवा सेबास्टियनच्या घरी पोचवा.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गुरूची आठवण ठेवली, म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त ते नाव आलं आणि अख्ख्या हिंदुस्थानच्या तोंडी बसलं. लोकांना वाटलं, गमतीचं नाव आहे. ज्याचं होतं तो माणूस अजून हयात होता. २०१२ मध्ये गेला. आपल्यापैकी किती जणांना तेव्हा कळलं?

आणि दत्ताराम वाडकर! तेही गोव्याचे. शंकर-जयकिशनचे ताल सांभाळणारे सहायक. ढोलकीचा त्यांचा एक खास बाज होता, वाजवणारे त्याला 'दत्ताराम ठेका' म्हणतात. विचार करा, ठेक्याला माणसाचं नाव! इतका मान वाजवणाऱ्यांनी दिला. ऐकणाऱ्यांनी काय दिलं?

रेडिओवर वाढलेली आपली पिढी आहे, म्हणून हेही आठवून बघा. आकाशवाणीवर शास्त्रीय गाणं संपलं की तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हे निवेदक आवर्जून सांगत. आणि फर्माईशीच्या कार्यक्रमात? झुमरीतलैयाहून पत्र पाठवणाऱ्याचं, त्याच्या घरातल्या सगळ्यांचं नाव वाचलं जायचं. ज्याने ती बासरी वाजवली त्याचं एकदाही नाही. आपण हे ऐकत मोठे झालो आणि कोणालाच त्यात काही खटकलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या सत्काराला गेलो होतो. मंडळाचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे हेच चालतं. ढोलक वाजवणारे एक आजोबा होते, तरुणपणी मुंबईत थोडी रेकॉर्डिंग केलेली. माइक हातात मिळाल्यावर ते सांगायला लागले, की पावसाळ्यात कातडं सैल पडतं, सूर उतरतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी ढोलक शेकायला लागायचा. आणि सगळा वाद्यवृंद एकदम वाजायचा, तेव्हा शेवटच्या ओळीत एकाचा हात चुकला तरी गाणं पहिल्यापासून. मी पुढे सरकून बसलो. एवढ्यात सूत्रसंचालक म्हणाले, "काका, ते राहू द्या, अमुक हिरोईन कशी होती ते सांगा ना!" हॉल हसला. काकाही कसनुसं हसले. मग शाल, श्रीफळ, फोटो, आणि जेवण. त्या माणसाकडे पंचवीस वर्षांचं ज्ञान होतं आणि आपण त्याच्याकडून दीड मिनिट घेतलं.

आता अपमान कसा होतो ते बघा. मुंबईच्या या साजिंद्यांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन, स्टुडिओत काम कसं चालायचं यावर जाडजूड पुस्तक लिहिलं ते ग्रेगरी बूथ नावाच्या प्राध्यापकाने. न्यूझीलंडच्या ऑकलंडला शिकवणारा माणूस. 'बिहाइंड द कर्टन', साल २००८. तो एवढ्या लांबून आला, म्हाताऱ्यांच्या घरी बसला, आणि विचारत राहिला : किती जण होते, पैसे कसे मिळायचे, नोटेशन कोण लिहायचं. आपण तीच गाणी गुणगुणत त्याच देशात राहत होतो.

आपल्याला हे येत नव्हतं असंही नाही. बी. आर. देवधरांनी 'थोर संगीतकार' लिहिलं तेव्हा गवयांची तालीम, खोडी, मेहनत सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडे तर चार्टर्ड अकाउंटंट! आकडेमोडीच्या माणसाला गाण्यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक उघडावं. म्हणजे परंपरा मराठीतच आहे. ती आपण शाल-श्रीफळावर सोडून दिली.

माझ्या या बोलण्यावर मित्र तीन गोष्टी म्हणतात.

पहिली : "गाण्याचा आनंद घ्यावा, मुदपाकखान्यात कशाला डोकवायचं?" अरे बाबा, मागची व्हायोलिनं काय करताहेत हे कळल्यावर मला तेच गाणं दुप्पट आवडायला लागलं. पुरणपोळी कशी करतात हे माहीत असलेल्याला ती कमी गोड लागते का?

दुसरी : "म्हातारे फेकतात. प्रत्येक जण म्हणतो, ते गाणं माझ्यामुळे हिट झालं." फेकतात, काही जण नक्कीच फेकतात. मग पडताळा घ्या ना! दोन वाजवणाऱ्यांना वेगवेगळं विचारा. साल आणि स्टुडिओ विचारून चित्रपटाशी जुळवा. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड तयार केले, ते हाताशी घ्या. एक नोंद जुळली नाही म्हणून बँक अख्खं लेजर जाळत नाही. चूक सापडते, दुरुस्त होते. पण नोंदच नसेल तर दुरुस्त काय करणार?

तिसरी : "चाल संगीतकाराची, श्रेय त्याचंच." चाल त्याचीच, कोणी काढून घेत नाहीये. पण घर बांधणाऱ्याचं नाव लिहिलं म्हणून मालकाची मालकी जाते का? आणि हा फक्त मानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. साजिंद्याला त्या दिवसाचे पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला बळ आलं, कलाकारांच्या हक्काचीही भाषा आली. पण रेकॉर्डच्या लेबलवर ज्याचं नावच नाही, तो कशाच्या आधारावर काय मागणार? त्याच्या म्हातारपणी औषधाचा खर्च कोण देणार? दुसऱ्या कडव्याआधीची ती बासरी?

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. यापुढे तुमच्या मंडळात, गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला कोणी जुना वाजवणारा, ध्वनिमुद्रण करणारा, नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करणारा बोलावला, तर नारळ द्या हो, पण आधी तासभर द्या. विचारा : कोणत्या गाण्यात कोणतं वाद्य वाजवलं? बाजूला कोण बसलं होतं? रिहर्सल किती, टेक किती? सूर कोण सांगायचं? पैसे किती आणि केव्हा मिळायचे? काय चुकलं, आणि निस्तरलं कसं? हिरोईनीचं शेवटी विचारा, वेळ उरला तर. नातवाच्या हातात फोन आहेच, रेकॉर्ड करायला सांगा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणा. दोन प्रती ठेवा, एक त्यांच्या घरी द्या.

हे साजिंदे ऐंशी-नव्वदीला आले आहेत. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमापर्यंत थांबायला त्यांच्याकडे वेळ नाही.

ज्यांना राग आला असेल त्यांनी खुशाल खाली लिहा, उत्तर देईन. पण लिहिताना तुमच्या गावातल्या एका तरी वाजवणाऱ्याचं काम लिहा. कुठे वाजवलं, कोणासोबत वाजवलं आणि त्यांच्याकडून तुम्ही काय शिकलात, एवढंच. हिरोईनीच्या गोष्टींना लाइक देणार नाही, आधीच सांगतो.