नगरपरिषदेच्या हद्दीतले शिवार

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचे ठाणे कोरेगावात, पण नगरपालिका आधी आली ती रहिमतपुरात. साल १८५३. साताऱ्याचे राज्य खालसा होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. कोरेगावला नगरपंचायत मिळाली ती अगदी अलीकडे, गेल्या दशकात. तेव्हा रहिमतपूरला शहर म्हणायचे, तर ते शहरपण पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोचलेले आहे. त्याआधीही हे ठिकाण साधे खेडे नव्हतेच. आदिलशाहीतले सरदार रणदुल्लाखान यांच्या नावाची कबर, मशीद आणि कारंज्यांना पाणी देण्यासाठी बांधलेला उंच बुरूज त्याची साक्ष देतात. नाटककार वसंत कानेटकर जन्मले ते इथेच.

आणि तरीही कमंडलू नदीच्या काठाने गावाबाहेर चालत निघालात, तर नगरपरिषदेच्या हद्दीतच तुम्हाला आल्याचे गादीवाफे लागतात, ऊस लागतो, खुरपे घेऊन भांगलायला निघालेल्या बाया दिसतात. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती वीस हजारांच्या आतच होती. इथल्या संसाराचे गणित आल्याच्या गाडीवर चालते. गाडी म्हणजे ५०० किलो. २०२३ मध्ये गाडीचा दर पन्नास हजारांच्या वर गेला आणि पुढच्या दोन वर्षांत कोसळला. दर चढला की शेजारपाजारच्या गावांसकट जो तो आल्याची लागण वाढवतो. पडला की लागण घटते आणि तिच्याबरोबर लागणीचा, उटाळणीचा, काढणीचा रोजगारही घटतो. शेतमालकाला निदान दर सुधारेपर्यंत आले जमिनीत राखून पाहता येते, कंदकूज सोसावी लागली तरी. रोजाने जाणाऱ्या बाईला आपला दिवस असा राखून ठेवता येत नाही.

अशा छोट्या नगरपरिषदांच्या गावांतून एक प्रश्न वरचेवर निघतो: ही पाटी आपल्याला हवीच कशाला? ग्रामपंचायत असती तर बरे नव्हते का? प्रश्न घरपट्टीवरून सुरू होतो, पण त्याच्या पोटात बरेच काही आहे. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने नगरपालिकांची हद्द वगळली. एकाच बांधाच्या अलीकडे नगरपरिषद, पलीकडे ग्रामपंचायत; पलीकडच्या मजूर बाईला कामाची हमी, अलीकडचीला नाही. ग्रामपंचायतीत वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा होते. सरपंचाला उभ्या गावासमोर हिशेब द्यावा लागतो. रहिमतपूरशेजारच्या धामणेरने ग्रामस्वच्छता अभियानात जे नाव काढले, ते अशाच एकत्र बसण्याच्या सवयीतून, असे आम्हाला वाटते.

शिवाय २०१६ च्या निवडणुकीत आलेल्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर राज्यातल्या अशा बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले, आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत ते हलले नाहीत. मधल्या काळात खेडोपाडी ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत राहिल्या. जवळपास चार वर्षे प्रभागाचा म्हणून कुणी माणूस नव्हता. नळाला पाणी आले नाही तर जायचे कुणाकडे, हा प्रश्न या लोकांनी खरोखर सोसला.

पण दुसरी बाजू हलकी नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात नगरपरिषद हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळत, खेड्यातल्या घरासाठी केंद्राच्या योजनेतला मूळ आकडा १ लाख २० हजार होता. नगरपरिषदेला पूर्णवेळ मुख्याधिकारी असतो, ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा दोन-दोन गावे. पाणी, गटारे, अग्निशमन यांसाठी नगरपरिषद थेट राज्याकडे जाते, तिला जिल्हा परिषदेच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. पुण्याशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे उदाहरणही लक्षात घ्यावे. मिळकतकराला कंटाळून ही गावे महापालिकेतून बाहेर पडली, पण त्यांनी मागितली ती नगरपरिषदच, ग्रामपंचायत नव्हे.

म्हणून पाटी बदलण्याच्या बाजूने आम्ही नाही. मागे जाऊन गमवायचे ते नक्की आहे, मिळवायचे ते दुसऱ्या वाटेनेही मिळू शकते. ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. १९७७ च्या आपल्या रोजगार हमी कायद्याखालच्या योजनेने ग्रामीण भागाबरोबर 'क' वर्ग नगरपालिकांची हद्दही सामावून घेतली होती. त्या काळच्या धोरणकर्त्यांना नगरपालिका आणि शेतमजुरी एकाच गावात नांदू शकतात हे ठाऊक होते. मग निकष पाटीचा न लावता हद्दीतल्या किती घरांची चूल शेतमजुरीवर पेटते याचा लावावा, आणि अशा नगरपरिषदांना हमीचे काम राज्याने आपल्या पैशाने द्यावे. खर्च वाढेल, हे खरे. मजूर हमीच्या कामावर गेले तर ऐन काढणीत माणसे मिळणार नाहीत, ही आल्याच्या शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. कामाचे वेळापत्रक हंगाम बघून लावले तर ती बरीचशी मिटते, पूर्ण मिटेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

ग्रामसभेचे काय? नगरपालिकांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९ मध्ये आली, पण ती रुजली नाही. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. नव्या नगरसेवकांनी अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी आपापल्या प्रभागात, देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी सभा लावावी. भांगलण उरकून बाया घरी येतात, त्यानंतरची वेळ धरावी.