वाचलेला तास गेला कुठे?

गेल्या वर्षी मी विद्यापीठाच्या अर्धवेळ जर्मन वर्गात नाव घातले. काही पाठ मोबाइलच्या पडद्यावर घरीच ऐकायचे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गात बसायचे, अशी योजना होती. २०२० च्या टाळेबंदीत नाइलाजाने पत्करलेल्या गोष्टीला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये धोरणाच्या मसुद्याचे रूप दिले. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता यावा, उरलेला समोरासमोर.

पडद्याचे उपकार आधी मान्य करतो. जर्मनमध्ये एक स्वर आहे. ओठ ‘ऊ’चे करायचे आणि जीभ ‘ई’ची ठेवायची. साठी उलटलेल्या जिभेला ते सहजी जमेना. रात्री अकरा वाजता मी पन्नासदा चुकलो, पण मोबाइल कंटाळला नाही आणि कोणी हसलेही नाही. घोकंपट्टीला याहून सोशिक मास्तर मिळणार नाही.

पण जर्मनमध्ये ‘मुलगी’ या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी आहे. मी तो स्त्रीलिंगी धरला. पडद्यावर लाल फुली आली. पुन्हा धरला, पुन्हा फुली. वर्गात बाई म्हणाल्या, “काका, आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच की! ‘शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला, की शब्द नपुंसकलिंगी होतो.” एका वाक्यात गाठ सुटली. हिंदीत दोनच लिंगे, मराठीत जर्मनसारखी तीन. माझ्या मातृभाषेतच मला आधार होता. पण पडद्यावरचा पाठ इंग्रजीतून चाललेला, त्याला हे कुठून कळावे?

मग बाईंनी जर्मनमध्ये विचारले, “काल काय केलंत?” पाठ केलेली सगळी वाक्ये पळाली. शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी थांबून राहिली. मी कसेबसे ‘बाजारात गेलो’ म्हणालो, तेही चुकीच्या सहायक क्रियापदासह. बाईंनी वाक्य पुरे होऊ दिले आणि मगच सुधारले. कोणी तरी आपले बोलणे संपण्याची वाट पाहते आहे, याच जाणिवेतून भाषा तोंडात येते.

तेव्हा घोकणे पडद्याकडे आणि बोलणे वर्गाकडे, ही वाटणी मला पटते. दुखणे वेगळेच आहे. दुसऱ्या सत्रात आमची एक संध्याकाळ बंद झाली. कारण सांगितले गेले, “पाठ रेकॉर्ड केलेले आहेतच!” बाई तासिका तत्त्वावर, तास गेला तसे त्याचे मानधनही गेले.

मला बँकेतले दिवस आठवले. संगणक आले तेव्हा आम्हाला सांगितले होते, खतावणीतून सुटलेला वेळ ग्राहकाशी बोलायला मिळेल. पुढे २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. काउंटरवरची रांग राहिली. रांगेतल्या माणसाला नावाने ओळखणारा मात्र उरला नाही.

यंत्राने वेळ वाचवला, हे खरेच. तो कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न उरतो. आपल्या मुलानातवंडांना भाषेच्या वर्गात घालताना फीबरोबर एवढे जरूर विचारा: पडद्यामुळे वाचलेला तास मुलांच्या बोलण्यासाठी राखला आहे, की वेळापत्रकातूनच पुसला आहे?