पाठीवरचा शेरा

आमचे एक स्नेही जळगावात मराठी शिकवतात. मागच्या वर्षी त्यांनी आपली जुनी मोटार चोपड्याच्या एका गृहस्थांना विकली आणि धुळ्याहून एका ओळखीच्या इंजिनिअरकडची तीन वर्षे वापरलेली, पण पुष्कळच चपळ अशी टर्बो गाडी घेतली. जुन्या गाडीच्या विम्याचे सात महिने शिल्लक होते. नव्या गाडीचाही विमा होता, पण तो विकणाऱ्याच्या नावावर. व्यवहार आटोपून चहा झाला. निघताना इंजिनिअरच्या आईने दारातूनच विचारले, "गाडीना विमा शे ना?" शे, असे दोघेही एकदमच म्हणाले. फागणे, मुकटी मागे पडले आणि पारोळ्याच्या अलीकडे, एका ट्रकला वाट देताना, गाडीची डावी बाजू दुभाजकाला घासली. माणसाला खरचटलेही नाही. पत्र्याच्या दुरुस्तीचा खर्च मात्र भरून मिळाला नाही. विमा होता, पण तो आमच्या स्नेह्यांशी नव्हता.

दावा नाकारणाऱ्या कंपनीवर राग काढणे सोपे होते आणि पहिले काही दिवस आम्ही मंडळींनी तो मनसोक्त काढलाही. पुढे ती कागदपत्रे शांतपणे वाचली, तेव्हा ध्यानात आले की चूक वाचनाची होती. संहितेतील गाळलेल्या जागांवर तास-तास बोलणारी आम्ही माणसे, पण दरसाल पैसे मोजून घेतलेली ही एक संहिता कधी उघडूनही पाहत नाही. कविता न वाचल्याने कोणाचे दिवाळे निघत नाही. हिची गोष्ट निराळी आहे.

पॉलिसी हा एकच कागद दिसतो, पण त्यात दोन वचने शिवलेली असतात. पहिले वचन मालकाला: तुमच्या गाडीचे नुकसान झाले तर आम्ही भरून देऊ. दुसरे वचन, वरवर पाहता मालकालाच दिलेले, पण प्रत्यक्षात रस्त्यावरच्या कोणा अनोळखी माणसासाठी असलेले. त्याला दरपत्रकाच्या भाषेत ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. करारावर त्याची सही नसते, त्याचे नाव नसते, बहुधा अशी पॉलिसी अस्तित्वात आहे हेही त्याला ठाऊक नसते. एरंडोलच्या चौकात केळीच्या गाडीमागून रस्ता ओलांडणारा शाळकरी पोरगा हा या संहितेचा खरा नायक आहे आणि तो तिच्यात कुठेच दिसत नाही.

गाडी विकली जाते तेव्हा ही शिवण उसवते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १५७ नुसार अनोळखी माणसासाठीचे वचन गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जाते. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून कागदावर नाव बदलून घ्यायचे असते. पत्र्याचे वचन मात्र असे जात नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच भेद स्पष्ट केला: कायद्याने गृहीत धरलेले हस्तांतर केवळ त्रयस्थाच्या जोखमीपुरते आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी नव्या मालकाचा आणि कंपनीचा स्वतंत्र करार हवा. दुभाजकाऐवजी त्या दिवशी एखादा माणूस गाडीखाली सापडला असता, तर आमच्या स्नेह्यांची जबाबदारी कंपनीने उचलली असती. पत्र्याला संरक्षण नव्हते, माणसाला होते. हा क्रम आम्हांस फार सभ्य वाटतो.

आणि एक गोष्ट गाडीबरोबर जात नाही, ती म्हणजे पुण्याई. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या हप्त्यात जी सूट मिळते ती ‘नो क्लेम बोनस’: पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेरीस ५०. ती मालकाची, गाडीची नव्हे. गाडी विकली तरी ती त्याच्याकडे राहते आणि दुसऱ्या गाडीला लावता येते. ऋण गाडीसोबत जाते, पुण्य माणसासोबत राहते. विमा लिहिणाऱ्यांनी हे कुठल्या पुराणावरून घेतले नसावे, पण आमच्या कानांना ते ओळखीचे वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मुदत संपण्याआधीच जुन्या गाडीचा विमा नव्या, अधिक ताकदीच्या गाडीवर चढवता येतो का? २००२ सालच्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’मध्ये तशी सोय होती. त्याच वर्गातली दुसरी गाडी उरलेल्या मुदतीसाठी पहिलीच्या जागी घ्यायची आणि हप्त्यातला फरक दिवसांच्या हिशेबाने द्यायचा किंवा घ्यायचा. जळगावच्या सराफ बाजारात मोड घालून नवा दागिना घेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जुन्याचे वजन करायचे, नव्याचे करायचे, वरची रक्कम मोजायची. घटीचा प्रकारही येथे होता: विमाधारकाने स्वतःहून पॉलिसी मध्येच रद्द केली, तर महिन्याभराच्या वापराला २० टक्के, सहा महिन्यांना ७० टक्के अशा चढत्या प्रमाणात कंपनी पैसे ठेवून घेई, आणि आठ महिने उलटल्यावर हाती काहीच येत नसे. नियामकाने २०२४ साली ही घट बरीचशी काढून टाकली. आता एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत दावा केलेला नसेल, तर उरलेल्या मुदतीचे पैसे त्या प्रमाणात परत मिळतात.

अदलाबदलीच्या तरतुदीत एक अट होती. पहिली गाडी पूर्णपणे निकामी झालेली नसेल, तर तिचा विमा इतरत्र चालू असल्याचा पुरावा आधी द्या. (मराठीत ही अट लिहायची तर ‘बदललेली गाडी’ म्हणजे जुनी की नवी, असा घोळ होतो. अनुवादाच्या वर्गात देण्याजोगे वाक्य आहे.) आमच्या स्नेह्यांना ही अट म्हणजे निव्वळ छळ वाटली, कारण चोपड्याच्या गृहस्थांकडून नव्या पॉलिसीची प्रत मिळवण्यात नऊ दिवस गेले. पण अटीमागे उभा आहे तो पुन्हा तोच अनोळखी माणूस. मालक विमा उचलून नव्या गाडीवर नेईल आणि जुनी गाडी विम्याविना रस्त्यावर धावत राहील, ही भीती तिथे आहे. अगदी कोरी गाडी घेणाऱ्याला तर ही वाट जवळजवळ बंदच आहे: १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. तिथे जुन्या कागदावरून पुढे नेण्याजोगे उरते ते बोनसचे पुण्य तेवढे.

येथवर कायद्याचे कौतुक करून झाले. आता तक्रार.

स्नेह्यांच्या जुन्या गाडीचे इंजिन ११९७ सीसीचे आणि ताकद ऐंशी-नव्वद अश्वशक्तीच्या दरम्यान. नव्या टर्बो गाडीचे इंजिन ९९८ सीसीचे आणि ताकद १२० अश्वशक्ती. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये होता. म्हणजे गाडी दीडपटीच्या घरात बळकट झाली आणि अनोळखी माणसासाठीचा हप्ता वर्षाला १,३२२ रुपयांनी उतरला! सात महिन्यांचे सुमारे ७७० रुपये हिशेबात आमच्या स्नेह्यांच्या बाजूला जमा झाले. साधे, टर्बो नसलेले ९९८ सीसीचे इंजिन, उदाहरणार्थ वॅगन आरचे, ६७ अश्वशक्तीच्या आसपास असते. ह्युंदाई व्हेन्यूचे तेवढ्याच घनफळाचे टर्बो इंजिन १२०. दरपत्रकाला ती दोन्ही सारखीच दिसतात.

सीसी हे एकेकाळी ताकदीचे बऱ्यापैकी विश्वासू लक्षण होते. मोठा सिलिंडर, जास्त इंधन, जास्त जोर. आज ती एक मेलेली लक्षणा आहे, जिच्यातला अर्थ निघून गेला आणि शब्द मागे राहिला. असे पूर्वीही घडले आहे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी कर आकारण्यासाठी अश्वशक्ती मोजली जाई ती सिलिंडरच्या व्यासावरून. मग कारखानदारांनी अरुंद पण उंच सिलिंडर काढले आणि कर चुकवून ताकद वाढवली. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारीची व्याख्या पेट्रोलसाठी १२०० सीसीपर्यंत केली आणि बाजार ११९७, ११९९ अशा आकड्यांनी भरून गेला. मोजमाप ठरले की वस्तू त्याच्या आत राहून वाढायला शिकते.

यावर उत्तर ठरलेले आहे: दर एका गाडीवरून नव्हे, संपूर्ण वर्गाच्या दाव्यांवरून ठरतो, शिवाय वेगवान गाडी म्हणजे वेगवान चालक नव्हे. दोन्ही मुद्दे खरे आहेत. आमचे स्नेही ताशी साठच्या वर जाताना स्तोत्र म्हणतात. पण वर्ग कोणत्या रेषेने पाडायचा हा निर्णय दाव्यांनी घेतलेला नसतो, तो माणसांनी घेतलेला असतो. रेषा चुकीच्या जागी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे आकडे कितीही प्रामाणिक असले तरी काय सांगणार? आणि ताकद मोजताच येत नाही असेही नाही. विजेच्या मोटारींना सीसी नसते म्हणून त्याच दरपत्रकात त्यांचे वर्ग किलोवॉटने पाडले आहेत: ३० पर्यंत, ६५ पर्यंत, त्यावर. विजेच्या गाडीला जे विचारले जाते ते पेट्रोलच्या गाडीला का विचारू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालेले नाही.

स्वतःच्या गाडीचे वचन मात्र कसे बारकाईने तोलले जाते पाहा. तिथे गाडीची चालू किंमत, वय, नोंदणीचे ठिकाण सारे धरले जाते. २००७ पासून ते दर खुले झाल्यावर कंपन्या मॉडेलगणिक हिशेब करू लागल्या. स्नेह्यांचा तो हप्ता अर्थातच वाढला. पत्र्याला सूक्ष्म तराजू आणि हाडामांसाला शेतमालाचा काटा, असे हे आहे. नोंदणीच्या ठिकाणाचीही एक गंमत. जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन भाग केले: ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता अशी आठ शहरे आणि ‘ब’ विभागात उर्वरित भारत. एमएच-१९ आणि एमएच-१८ अर्थातच उर्वरितात. केंद्र आणि परीघ यांवरचे निबंध आम्ही पुष्कळ वाचले. इतकी स्पष्ट मांडणी क्वचितच आढळली. फायदा असा की उर्वरितांना दर थोडा कमी पडे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

फरकाचा हिशेब मिटल्यावर स्नेह्यांना शेवटी जो कागद मिळाला त्याला ‘एंडॉर्समेंट’ म्हणतात, मराठीत पृष्ठांकन. लॅटिन मुळात त्या शब्दाचा अर्थ पाठीवर लिहिलेले असा आहे आणि संस्कृतातही पृष्ठ म्हणजे आधी पाठ, मग पान. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरे पाहिलेल्यांना पाठीवरच्या शेऱ्याचे मोल सांगायला नको. पुष्कळदा खरा व्यवहार तिथेच असतो. स्नेह्यांनी आपला शेरा आम्हांला वाचायला दिला. त्यात जुन्या गाडीचा क्रमांक जाऊन नव्याचा आला आहे, इंजिन आणि चासीचे क्रमांक आहेत, रंग आहे, आसने पाच आहेत, घनफळ ९९८ आहे. अश्वशक्तीचा रकाना शोधला. तो छापलेलाच नव्हता.