मेजावरची असई

ऐतिहासिक लढाया मेजावर पुन्हा लढण्याचा जो छंद इंग्लंडमध्ये रुजला आणि पुढे अन्य देशांत पसरला, त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घेण्याचे कारण काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. गावातील आठदहा, क्वचित वीसपंचवीस माणसे सुटीच्या दिवशी एखाद्या सभागृहात जमतात. मेजे जोडून त्यांवर हिरवे कापड अंथरतात. टेकड्या, नद्या, खेडी मांडतात. आणि स्वतःच्या हाताने महिनोन्‌महिने रंगविलेले इंचभर उंचीचे सैनिक पलटणींनी उभे करतात. एक सैनिक वीसतीस माणसांच्या जागी असतो. चाल पट्टीने मोजावयाची, गोळीबाराचे फळ फाशांनी ठरवावयाचे, पडलेला सैनिक उचलून बाजूस ठेवावयाचा. वरवर पाहता हा प्रौढांचा बाहुल्यांचा खेळ होय. वस्तुतः ही भूतकाळ सांगण्याची एक रीत आहे, आणि बखर व ऐतिहासिक कादंबरी यांच्या कथनाचा विचार करणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

या खेळाचे मूळ लष्करी आहे. प्रशियाच्या राजासमोर १८१२ साली थोरल्या राइसविट्झने असे एक मेज मांडले आणि १८२४ साली त्याच्या पुत्राने नियम प्रसिद्ध केले. त्या नियमांत पंच हा केंद्रस्थानी होता. एच. जी. वेल्सने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफांनी लढावयाचा घरगुती प्रकार रूढ केला आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, असे त्यातच प्रतिपादिले. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. डोनाल्ड फेदरस्टोनच्या १९६२ मधील पुस्तकानंतर गावोगावी मंडळे निघाली. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठात वॉटर्लूची लढाई वीस हजारांहून अधिक सैनिक मांडून खेळली गेली. महाराष्ट्रात दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मुले मावळे मांडतात, हे येथे कोणाला आठवेल. परंतु तो मावळा पहारा देतो, लढत नाही, आणि किल्ला कधी पडत नाही. दोहोंतील साम्य वरवरचे आहे.

बखरकाराला शेवट ठाऊक असतो. भाऊसाहेबांच्या बखरीत पानिपतचा अंत आधीच्या प्रत्येक प्रसंगावर सावली धरून असतो. मेजावर शेवट मोकळा असतो आणि हेच या खेळाचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. परंतु त्यात एक मोठी फसगत आहे. खेळाडूला शेवट ठाऊक नसला, तरी सेनापतीला जे ठाऊक नव्हते ते सर्व त्याला दिसत असते.

२३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई घ्यावी. ती खेळणाऱ्यांची आवडती आहे. नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी आर्थर वेलस्लीला सांगितले होते. त्याला समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली. ज्या अर्थी गावे आहेत, त्या अर्थी मधून वाट असलीच पाहिजे, एवढ्या तर्कावर त्याने फौज नेली. त्या दिवसाची सारी नाट्यमयता या अज्ञानात आहे. मेजावर मात्र तो उतार निळ्या पट्टीवर तपकिरी रंगाने काढलेला असतो! तसेच ऑरॉकचे. उजव्या बगलेची तुकडी नेमून दिलेल्या दिशेने न जाता थेट असई गावाकडे सरकली, तिच्यामागे चौऱ्याहत्तरावी हायलँडर पलटण गेली आणि तोफांच्या तोंडी सापडली. दोघांच्या खेळात असे घडत नाही. एकाच डोक्यातून सर्व हुकूम निघतात. ते घडते मोठ्या मंडळाच्या खेळात, जेथे प्रत्येक बगल वेगळ्या माणसाकडे असते, हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाहाती जातो आणि वाचणारा त्याचा भलताच अर्थ लावतो. मोठ्या खेळाचे खरे मोल सैनिकांच्या संख्येत नसून या गैरसमजात आहे. एका लेखणीने लिहिलेल्या कथनाला तो क्वचितच साधतो.

एवढे मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. प्रत्येक पलटणीला धैर्याचा एक आकडा दिलेला असतो. त्या दिवशी शिंदे-भोसल्यांचे विपुल घोडदळ फारसे लढले नाही. पोलमनच्या हाताखालच्या कवायती पलटणी व गोलंदाज मात्र झुंजले. घोडदळाला मोकळे सोडले तर मेजावर इंग्रज हरण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा आकडा खाली आणण्याचा मोह नियमकाराला होतो. ते का लढले नाही—सरदारांतील अविश्वास, हुकमाचा अभाव, की परकी अंमलदाराविषयीची तेढ—हा इतिहासाचा प्रश्न. फाशाच्या नियमात तो स्वभावदोष होऊन बसतो. आणि ज्या ग्रंथांतून हा आकडा येतो ते बहुधा जेत्यांचे असतात. कादंबरीकाराने असे केले असते तर समीक्षकाने त्याला जाब विचारला असता. आकड्याला कोणी विचारीत नाही, कारण आकडा निःपक्षपाती वाटतो.

शिवाय मेजावर सैनिक असतो किंवा पेटीत असतो. तिसरी अवस्था नाही. असईत इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार झाले आणि १,१३८ जखमी. म्हणजे त्या बाजूची हानी मुख्यतः जखमींची होती. त्यांच्यासाठी पुढे अजिंठ्याला रुग्णालय मांडावे लागले. तोफा ओढणारे बैल व त्यांचे हाकणारे तोफांच्या माऱ्यात पडले, म्हणून वेलस्लीच्या तोफा मागे राहिल्या. मेजावर हा बैल तोफेचा भाग असतो, फार तर रंगविण्याची हौस.

असईचे रणक्षेत्र आजच्या जालना जिल्ह्यात आहे. तेथून फार दूर नसलेल्या एखाद्या मंडळाने ही लढाई मांडावयाचे ठरविले, तर बाहुल्या विलायतेहून आणता येतील, नियमही आणता येतील. परंतु शिंद्यांच्या प्रत्येक सरदाराच्या हाती द्यावयाची चिठ्ठी मराठी पत्रव्यवहार वाचूनच लिहावी लागेल, घोडदळाचा आकडा तो वाचल्यावरच ठरवावा लागेल, आणि त्यासाठी मोडीही वाचणारा व वेलस्लीचे खलितेही वाचणारा पंच शोधावा लागेल.