दिवाळीचा खेळ आणि मुलांचे कान
तुमचं चार-पाच वर्षांचं मूल अक्षरं गिरवायला कंटाळतं का? मग दिवाळीच्या सुट्टीत पाटी बाजूला ठेवा आणि खेळ खेळा. पणती, कंदील, करंजी: यात सुरुवातीचा आवाज कुणाचा सारखा, कुणाचा वेगळा? 'ल'चा लाडू, मग 'ल'चं आणखी काय? अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी त्याचा आवाज कानाला वेगळा कळायला हवा, म्हणून माझ्या मते हा खेळ आधी, गिरवणं नंतर.

मात्र मूल अशा खेळात सतत गोंधळत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'लक्षच देत नाही' म्हणून रागावू नका. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही कमी ऐकू येतं. कान दुखतोच असं नाही. आधी कान तपासून घ्या, मग अभ्यासाचं बघू.