पाणी न घालण्याची विद्या

झाडांची निगा राखणे म्हणजे त्यांना नित्य पाणी घालणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जास्वंद-गुलाबांच्या बाबतीत ती चालून जाते. घायपाताच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. शीत देशांतील बागवान घायपात, कोरफड, निवडुंग अशा मांसल वनस्पती काचघरात कशा जगवितात हे पाहिले, म्हणजे या विधानाची सत्यता पटते.

घायपात मूळचा मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातला. तेथे पाऊस थोडा, म्हणून हे झाड जाड पानांत पाणी साठविते व पानांवरील सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडते. त्याच्या बहुतेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात. बागांतून सर्वत्र दिसणारा मोठा घायपात साधारणपणे दहा ते तीस वर्षांनी उंच तुरा काढतो व बुडाशी पिले ठेवून मरतो. अर्थात युरोपातील माळ्यास त्या एका फुलोऱ्यासाठी तितकेच हिवाळे जागरूक राहावे लागते. एका हिवाळ्यातील हेळसांड वीस वर्षांची प्रतीक्षा मातीस मिळविते.

झाडांना हिवाळ्यात आसरा देण्याची ही रीत तिकडे जुनी आहे. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात नारंगीच्या कुंड्यांसाठी १६८४ ते १६८६ या काळात भव्य दालन बांधले गेले. लंडनमधील क्यू येथील उद्यानात १९८७ साली उघडलेल्या काचघरात तर वाळवंटी वनस्पतींसाठी स्वतंत्र कोरडा विभागच आहे.

काचघर ऊब देते म्हणून झाडे वाचतात, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. काटे नसलेला, मऊ पानांचा घायपात किंचित हिमानेही करपतो, त्यास ऊब हवीच. परंतु अमेरिकेतील डोंगराळ भागांतील काही जाती माती कोरडी असेल तर शून्याखालची थंडीही सोसतात. त्यांचा खरा वैरी थंडीतील ओल होय. गारठ्यात झाडाची वाढ थांबते, मुळे पाणी ओढीत नाहीत, माती ओलीच राहते, बुरशी माजते आणि गाभा कुजतो. पाने वरून हिरवीच दिसत असल्यामुळे हे लवकर ध्यानात येत नाही.

म्हणून जाणता माळी शरद ऋतूपासूनच पाणी कमी करीत जातो आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ बंद करतो. तो कुंडीत खडेवाळू अधिक घालतो, कुंड्यांची दाटी होऊ देत नाही, वाळकी पाने काढतो व उन्हाच्या दिवशी झडपा उघडून वारा खेळू देतो. वसंतात पाणी आणि ऊन दोन्ही तो बेताबेतानेच वाढवितो. कारण एकदम प्रखर उन्हात नेलेले झाड भाजते.

आपल्या गोव्यात हिम पडत नाही. पण या झाडांचा कसोटीचा काळ येथेही येतो, तो पावसाळ्यात. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! येथे माळ्याचा शत्रू तोच: साचलेली ओल. त्यासाठी खर्चिक काचघर नको. चारी बाजूंनी मोकळा, वर पारदर्शक पत्र्याचा मांडव, विटांवर उचलून ठेवलेल्या कुंड्या आणि हात आवरण्याचा निश्चय एवढे पुरे. शाळेच्या बागेतही हे सहज साधेल, आणि तसा एक मांडव प्रत्येक शाळेने उभारावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण झारी हाती धरावयास मुलांना कोणीही शिकवील. ती केव्हा खाली ठेवावी, हे झाडाचा स्वभाव ओळखल्यावाचून कळत नाही. आज मांडवाखाली कोरडे राखलेले रोप उद्या फुलेल तेव्हा ते राखणारा विद्यार्थी कदाचित स्वतः गृहस्थ झालेला असेल. इतक्या लांबच्या फळासाठी काम करण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.